मातीत मुरलेलं जेवण

गेल्या हिवाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जपानी काकू एक खोकं घेऊन खाली आल्या. खोक्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मातीचं भांडं होतं. पसरट, जाड, दोन बाजूंना छोटे कान आणि वर घुमटासारखं झाकण. जपानमध्ये आल्यापासून असं भांडं मी अनेक घरांत पाहिलं होतं. याला 'दोनाबे' म्हणतात. 'दो' म्हणजे माती आणि 'नाबे' म्हणजे पातेलं.

हे त्यांच्या आईचं दोनाबे. आई वर्षभरापूर्वी गेली आणि आता गावाकडचं घर रिकामं करायचं होतं. भांड्याचं बूड काळं पडलेलं, आतल्या झिलईवर तपकिरी रेषांची बारीक जाळी, एका बाजूला करपल्याचा जुना डाग. मुलगा म्हणाला, टाकून दे. सून म्हणाली, चांगलं घासून लख्ख करू आणि आठवण म्हणून कपाटात ठेवू. काकूंना दोन्ही पटेना. मी रसायनशास्त्र शिकले आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला विचारलं, "साबणानं घासलं तर यातलं आईचं काही निघून जाईल का?"

प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याला विज्ञानाचं उत्तर आहे, आणि ते चांगलं लांबलचक आहे. त्या दिवशी मी काकूंना अर्धंच सांगू शकले. आज तुम्हाला पूर्ण सांगते.

भांड्याला भोकं कुठून येतात?

मराठीत आपण म्हणतो, पाणी जमिनीत मुरलं, लोणचं मुरलं, माणूस एखाद्या कामात मुरला. मुरायला दोन गोष्टी लागतात: आत शिरायला जागा आणि भरपूर वेळ. स्टीलच्या पातेल्यात काहीच मुरत नाही, कारण तिथे जागाच नाही. मातीच्या भांड्यात मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य पोकळ्या असतात.

दोनाबेसाठी जपानमध्ये सर्वांत नावाजलेली माती मिए प्रांतातल्या इगा गावची. आज शेजारच्या शिगा प्रांतात असलेलं बिवा सरोवर सुमारे ४० लाख वर्षांपूर्वी इगाच्या परिसरात होतं. पुढे ते हळूहळू उत्तरेकडे सरकलं आणि मागे तळाचा गाळ राहिला. त्या गाळात तेव्हाच्या झाडाझुडपांचे आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष मिसळलेले आहेत. कुंभार ही माती भट्टीत घालतो तेव्हा ते अवशेष जळून जातात आणि त्यांच्या जागी पोकळी उरते. म्हणजे दोनाबेतली भोकं ही लाखो वर्षांपूर्वीच्या पानाफांद्यांच्या रिकाम्या जागा आहेत.

या पोकळ्यांचा स्वयंपाकात थेट उपयोग होतो. पोकळीतली हवा उष्णतेची मंद वाहक. त्यामुळे भांडं सावकाश तापतं आणि आच बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतं. दोनाबेत भात करताना गॅस बंद करून पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडत नाहीत, भात आतल्या आतच वाफेवर मुरतो. तळाला जी खरपूस खरवड लागते तिला 'ओकोगे' म्हणतात, आणि तिच्यासाठी घरात भांडणं होतात. (हे मात्र आपल्याकडे आणि त्यांच्याकडे सारखंच!)

पोकळ्यांचा दुसरा फायदा म्हणजे मातीला फुगायला आणि आकसायला थोडी जागा मिळते, त्यामुळे थेट आचेवर ठेवलेलं भांडं सहज तडकत नाही. मिए प्रांतातच योक्काइची गावी 'बान्को' प्रकारची दोनाबे बनतात. तिथले कुंभार वेगळी युक्ती करतात. ते मातीत पेटालाइट नावाचं लिथियमयुक्त खनिज मिसळतात. तापल्यावर हे मिश्रण फारच कमी प्रसरण पावतं. भांड्याचा एक भाग फुगला आणि दुसरा नाही, की ताण येऊन तडा जातो. फुगणंच कमी केलं, की ताणही कमी.

डोळे मिटवायची पेज

तुम्ही नवं दोनाबे घरी आणलंत आणि त्यात थेट रस्सा उकळायला ठेवलात, तर बुडाशी ओल दिसायला लागेल. म्हणून पहिल्यांदा त्यात भाताची पातळ पेज शिजवायची, तशीच निवू द्यायची आणि मग भांडं धुऊन पूर्ण वाळवायचं. या विधीला 'मेदोमे' म्हणतात. 'मे' म्हणजे डोळा, मातीतल्या छिद्रालाही हाच शब्द. 'दोमे' म्हणजे थांबवणं. मातीचे डोळे मिटवायचे!

यामागचं रसायन सोपं आहे. तांदळातल्या स्टार्चचे कण साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. ही खळ छिद्रांत शिरते आणि निवताना घट्ट होऊन बसते. सुती साडीला खळ देतात तेव्हा धाग्यांमधल्या जागेत हेच घडतं.

याचा एक चुलतभाऊ तुमच्या घरात दर दिवाळीला दिसतो. नव्या पणत्या आधी पाण्यात भिजवून ठेवायच्या, म्हणजे त्या तेल कमी पितात, हे आजीनं सांगितलेलं आठवतं? पणतीच्या छिद्रांत आधी पाणी भरलं, की तेलाला जागा उरत नाही. फरक एवढाच, की पाणी वाळून जातं आणि खळ बराच काळ टिकते.

म्हणजे प्रत्येक दोनाबेच्या भिंतीत सर्वांत आधी जे मुरतं ती त्या घरची पेज असते. काकूंच्या आईनं लग्नानंतर पहिल्यांदा या भांड्यात केलेली पेज हा या आठवणीचा तळचा थर.

झिलईवरची जाळी

तुम्ही म्हणाल, दोनाबेला आतून काचेसारखी झिलई असते, मग आत काही शिरतं कसं?

झिलई म्हणजे मातीवर वितळवून बसवलेली काच. भट्टीतून बाहेर आलेलं भांडं निवताना माती आणि काच दोन्ही आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. काच मातीपेक्षा जास्त आकसू पाहते, तेव्हा ती ताणली जाते आणि तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात. जपानी भाषेत या जाळीला 'कान्न्यू' म्हणतात. भट्टी उघडल्यावर निवणाऱ्या भांड्यांमधून टिंग-टिंग असा बारीक आवाज येत राहतो, तो या भेगा पडण्याचा.

कारखान्यातल्या बशीवर अशी जाळी पडली तर ती बशी बाद होते. जपानी कुंभारांनी मात्र या दोषालाच कलेत जागा दिली. यामागुची प्रांतातल्या हागी गावच्या चहाच्या वाट्या यासाठी प्रसिद्ध आहेत. नवी वाटी फिकट, दुधी किंवा पिकलेल्या फळाच्या रंगाची असते. रोज चहा प्यायला, की चहातली टॅनिनं भेगांतून आत झिरपतात आणि वर्षानुवर्षं वाटीचा रंग बदलत जातो. याला 'हागीची सात रूपं' म्हणतात. कुंभारानं वाटी अर्धी घडवली, उरलेली अर्धी पिणाऱ्यानं घडवायची. जपानी भाषेत भांडं वापरून मुरवण्याला जे क्रियापद वापरतात, तेच मूल वाढवण्यासाठीही वापरतात. म्हणजे ते लोक भांडं 'वाढवतात'.

काकूंच्या भांड्यातली तपकिरी जाळी म्हणजे नेमकं हेच. सोया सॉस, कोंबु या समुद्रशैवालाचं पाणी, माशांचा रस्सा, सगळं भेगाभेगांतून गेलेलं.

आठवणीचे तीन थर

आता मूळ प्रश्न. भांड्यात नक्की काय साठतं आणि कुठे?

याचं उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांनी एक मजेदार प्रयोग केला. त्यात ब्रिटनच्या ब्रिस्टल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञही होते. सात जणांनी झिलई नसलेली कोरी मातीची भांडी घेतली आणि प्रत्येकानं आपल्या भांड्यात जवळपास वर्षभरात ५० वेळा स्वयंपाक केला. पदार्थ मोजकेच होते: गहू, मका आणि हरणाचं मांस, वेगवेगळ्या जोड्यांत. शेवटी काहींनी पदार्थ बदलला. मग भांड्याच्या वेगवेगळ्या भागांचं रासायनिक पृथक्करण केलं. निष्कर्ष २०२० मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आले. थोडक्यात असे:

१. तळाला करपून चिकटलेला काळा थर शेवटी शिजलेला पदार्थ सांगतो.

२. आतल्या पृष्ठभागावरचा पातळ तेलकट थर आधीच्या अनेक जेवणांची सरमिसळ दाखवतो, पण त्यात अलीकडच्या जेवणांचा वाटा जास्त.

३. भिंतीच्या आत मुरलेली स्निग्ध द्रव्यं सर्वांत हळू बदलतात. नवे पदार्थ शिजवले तरी आधीच्यांची खूण लगेच पुसली जात नाही.

आपल्या स्मृतीशी ताडून पाहा. काल काय जेवलो ते वर असतं, या महिन्यात साधारण काय चाललंय ते त्याखाली, आणि लहानपणी घरात कायम काय शिजायचं ते अगदी आत.

स्निग्ध पदार्थच का टिकतात? कारण त्यांचं पाण्याशी वैर. मीठ आणि साखर पाण्यात विरघळून वाहून जातात. वासाचे रेणू हलके असतात, ते हवेत उडून जातात. मेदाम्लांच्या लांब साखळ्या मात्र पाण्यात विरघळत नाहीत आणि सहज उडतही नाहीत. त्या छिद्रांत शिरून मातीला चिकटून बसतात. तिथे जीवाणूही सहज पोचत नाहीत.

किती काळ?

किती काळ टिकतात, हे सांगायला जपानच सर्वांत योग्य देश आहे, कारण जगातल्या सर्वांत जुन्या मातीच्या भांड्यांपैकी काही इथेच सापडली आहेत. त्या काळाला जोमोन म्हणतात. तेव्हा इथे भातशेती नव्हती. लोक शिकार, मासेमारी आणि कंदफळं गोळा करून जगत. तरी त्यांनी भांडी घडवली. कशासाठी?

यॉर्क विद्यापीठाच्या ऑलिव्हर क्रेग यांनी जपानी संशोधकांबरोबर जोमोन भांड्यांना चिकटलेले १०१ करपलेले थर तपासले. ती भांडी सुमारे १५,००० ते ११,८०० वर्षांपूर्वीची होती. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला निष्कर्ष असा, की बहुतेकांत पाण्यातलं अन्न, म्हणजे नदीतले आणि समुद्रातले जीव, शिजवले गेले होते.

हे कसं कळतं? थराचा किंवा खापराचा थोडासा भुगा घ्यायचा, द्रावकात घालून त्यातली स्निग्ध द्रव्यं बाहेर काढायची, आणि यंत्रानं त्यांचे रेणू एकेक करून वेगळे करून तोलायचे. माशांच्या तेलातली मेदाम्लं मातीच्या भांड्यात बराच वेळ तापली, की त्यांच्या साखळीला वळसा पडून एक विशिष्ट वलय तयार होतं. असे वलयाचे रेणू ताज्या माशात नसतात. ते सापडले म्हणजे मासा नुसता ठेवला नव्हता, तर शिजवला होता.

मला त्याहून जास्त आवडतो तो २०१६ साली प्रसिद्ध झालेला पुढचा अभ्यास. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर फुकुई प्रांतात तोरिहामा नावाचं जोमोन वस्तीचं ठिकाण आहे. तिथल्या आणि जवळपास ९,००० वर्षांच्या पट्ट्यात पसरलेल्या १४३ भांड्यांतली स्निग्ध द्रव्यं तपासली. या काळात हिमयुग संपलं, हवा उबदार झाली, जंगलं वाढली, खायला प्राणी आणि कवचफळं भरपूर मिळू लागली. भांड्यांची घडण आणि नक्षीही बदलली. भांड्यात शिजत मात्र राहिले प्रामुख्यानं मासे आणि पाण्यातले जीव. ९,००० वर्षं, म्हणजे ढोबळमानानं साडेतीनशे पिढ्या. 'भांडं म्हणजे माशासाठी' ही सवय आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे जात राहिली असणार. तिची नोंद कोणी लिहून ठेवली नव्हती, लिपीच नव्हती. नोंद ठेवली ती भांड्यांनी.

जोमोन भांडी नुसती कामचलाऊ नव्हती. निगाता प्रांतातल्या सासायामा इथे सापडलेली सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची भांडी काठावर ज्वाळा उसळल्यासारखी घडवलेली आहेत. १९९९ मध्ये त्यांना जपानचा राष्ट्रीय ठेवा घोषित केलं. पण अशा ज्वाळांच्या भांड्यांच्या आतही करपल्याच्या खुणा आढळतात. एवढी सुंदर वस्तू, आणि चुलीवर चढायची!

भांडं कोणाचं?

जपानी घरात आजही भाताची वाटी आणि चॉपस्टिक्स ज्याच्या त्याच्या ठरलेल्या असतात. बाबांची वाटी वेगळी, मुलीची वेगळी. ताटं सामायिक, पण वाटी आपली. काही भागांत माणूस गेल्यावर त्याच्याच वाटीत शिगोशीग भात भरून उशाशी ठेवतात, आणि अंत्ययात्रा घरातून निघताना ती वाटी फोडतात. तुझं या घरातलं जेवण संपलं, आता मागे वळू नकोस. स्मशानात मडकं फोडताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोनाबे मात्र कोणा एकाचं नसतं. हिवाळ्यात ते जेवणाच्या टेबलावर मधोमध, छोट्या शेगडीवर येतं. कोबी, मशरूम, तोफू, मासे किंवा कोंबडी, सगळं त्यात रटरटत असतं आणि सगळे त्यातूनच घेतात. कोणतं जिन्नस कधी घालायचं यावर हुकूम सोडणाऱ्या माणसाला गमतीनं 'नाबे-बुग्यो' म्हणतात, म्हणजे पातेल्याचा न्यायाधीश. काकूंच्या घरी हे पद आईकडे होतं. शेवटी उरलेल्या रश्शात भात आणि अंडं घालून मऊ खिमट करतात, म्हणजे दिवसाचा शेवटचा थेंबही भांड्यातून सुटत नाही. म्हणून वाटी फोडता येते, दोनाबे पुढच्या पिढीकडे जातं.

घरी करून पाहा

एक पणती आणि एक चिनी मातीचा कप घ्या. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर दोन्ही कोरडे असताना वजन करा. मग तासभर पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून वरचं पाणी टिपा आणि पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. समजा ४० ग्रॅमची पणती ४५ ग्रॅम भरली, तर तिनं साडेबारा टक्के पाणी प्यायलं. चिनी मातीच्या कपाचा आकडा जवळपास शून्य येईल. आता ती पणती वाळवून भाताच्या पातळ पेजेत पंधरा मिनिटं उकळा, त्यातच निवू द्या, धुऊन दोन दिवस वाळवा आणि पुन्हा मोजा. आकडा किती उतरला? मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

काकूंना काय सांगितलं

साबणानं आईचं काही जाईल का? माझं उत्तर असं होतं. घासलंत तर करपलेला डाग जाईल, म्हणजे आईनं शेवटी शिजवलेलं जेवण जाईल. वरचा तेलकट थरही बराचसा जाईल. भिंतीत मुरलेलं मात्र सहज जाणार नाही. जे हजारो वर्षं ओल्या जमिनीत टिकतं, ते एका घासणीला दाद देत नाही. दोनाबेला झिलई असल्यानं जोमोन भांड्यापेक्षा आत कमी मुरलं असेल, पण भेगांमधून गेलेलं आहेच. साबण नकोच, पण कारण वेगळं: तोही त्याच छिद्रांत मुरतो आणि पुढच्या रश्शात उतरतो. गरम पाणी आणि मऊ स्पंज पुरे.

आणि ओलं भांडं कधीही थेट आचेवर ठेवू नका. छिद्रांतल्या पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं. वाफेला वाट मिळाली नाही, की भांडं तडकतं. धुतल्यावर उपडं ठेवून पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी येते.

एक गोष्ट मी त्यांना खरी खरी सांगितली. भांडं वापरलं तर नवं काही आत जाईल आणि जुनं हळूहळू विरळ होईल. कपाटात ठेवलं तर आईचा थर तसाच राहील, पण ते वाचायला प्रयोगशाळा लागेल, आणि भुगा करण्यासाठी भांड्याचा तुकडा मोडावा लागेल.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी भांड्यात पाणी भरून पाहिलं. बुडाला केसाएवढी चीर होती, कागदावर ओल उमटली. "पेज करावी लागेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पेज शिजवून ती चीर बंद केली, आणि त्या रविवारी मुलाला आणि सुनेला जेवायला बोलावलं. कोबी कधी घालायचा यावर सून बोलली, मुलगा बोलला, शेवटी काकूंनी आवाज चढवला. न्यायाधीशाचं पद रिकामं राहिलं नाही!

तुमच्या घरात असं एखादं मुरलेलं भांडं आहे का? आईची कढई, आजीचं लोणच्याचं बरणं, गावाहून विमानात मांडीवर धरून आणलेलं खापर? असेल तर या आठवड्यात ते कपाटातून खाली काढा, तडा आहे का बघा, आणि त्यात काहीतरी शिजवा किंवा भरा. आणि पणतीच्या प्रयोगात आकडा किती आला, तेही आम्हाला नक्की कळवा.